तुम्ही विचारलंत म्हणून: "तुम्ही काय पत्रकार आहात?"

हा प्रश्न मला दोन प्रकारची माणसं विचारतात. ज्यांच्याबद्दल मी काही लिहिलेलं असतं ती, आणि ज्यांच्या खिशात प्रेसचं ओळखपत्र असतं ती. दोघांनाही उत्तर 'नाही' असंच हवं असतं. मी तसं म्हटलं की पाठोपाठ पुढचा प्रश्न येतो: मग पत्रकाराला मिळतं ते कायद्याचं संरक्षण तुम्हा ब्लॉगवाल्यांना कशाला?

एकदाच सविस्तर सांगते, म्हणजे पुढच्या वेळी नुसतं हे पाठवून देता येईल.

लिहिण्याच्या हक्काबद्दल वाद घालायचं कारणच नाही. राज्यघटनेच्या कलम 19 मधलं अभिव्यक्तिस्वातंत्र्य नागरिकाचं आहे; वृत्तपत्रांसाठी वेगळं कलम नाही. 1948 मध्ये घटना समितीत ही तक्रार निघाली, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी स्पष्ट केलं होतं की नागरिकाला नाहीत असे कुठलेही खास हक्क वृत्तपत्राला नाहीत. संपादक लिहितो तेही नागरिक म्हणूनच. बदनामीचं कलमही दोघांना एकच. म्हणजे शिक्षेच्या बाबतीत आमची बरोबरी आधीपासूनच आहे, त्याबद्दल कोणी हरकत घेतल्याचं ऐकिवात नाही.

प्रश्न येतो तो माहिती देणाऱ्याचं नाव सांगण्यावर. तिथे मी पोळले आहे.

एका संस्थेतला अंतर्गत अहवाल मला तिथल्याच एका माणसाने दिला. मी तो पडताळला, संस्थेला प्रश्न पाठवले, उत्तर आलं नाही, मग लिहिलं. नंतर तोच अहवाल एका वर्तमानपत्रातही आला. संस्थेने कागद चोरीला गेल्याची तक्रार केली आणि पोलिसांकडून चौकशीला बोलावणं आलं ते मला. वर्तमानपत्राला पत्र गेलं, त्यांच्या कायदा विभागाने पत्रानेच उत्तर दिलं, विषय संपला.

समोरच्या अधिकाऱ्याने माझ्या लेखाचा प्रिंट काढून ठेवला होता. उजवीकडची अक्षरं कापली गेलेली, मधेच अर्धवट छापलेला फोटो. 'संस्थेतील सूत्रांनी सांगितले' या ओळीखाली लाल पेनाने दोनदा रेघ.

"मॅडम, सूत्र म्हणजे कोण?"

"ते सांगता येणार नाही."

"कुठल्या पेपरच्या तुम्ही?"

"कुठल्याच नाही."

"मग कसली सूत्रं? सूत्रं पत्रकारांची असतात." आवाज चढलेला नव्हता. उलट समजावून सांगावं तसं ते पुढे म्हणाले, "आता आमचे खबरी असतात. त्यांची नावं आम्ही कोर्टातही सांगत नाही. पण आमचं वेगळं."

मी नाव सांगितलं नाही. नुसतं 'सांगू इच्छित नाही' एवढंच जबाबात घ्या म्हणून बराच वेळ हुज्जत घातली, शेवटी सही करून बाहेर आले. फार धीटपणे वगैरे नाही. पाय कापत होते. बाहेर वकीलबाई थांबल्या होत्या. त्यांना म्हटलं, मी पत्रकार असते तर हे झालं नसतं ना? त्या हसल्या. म्हणाल्या, अहो, तो अधिकारी अगदी बरोबर बोलला. गुन्ह्याची खबर कुठून मिळाली हे सांगायची सक्ती पोलिसावर करता येत नाही, हे पुरावा कायद्याच्या कलम 125 मध्ये लिहिलेलंच आहे. नवरा-बायकोतलं बोलणं, वकील आणि अशील यांच्यातलं बोलणं, यांनाही संरक्षण आहे. पत्रकाराला नाही. वृत्तपत्रांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या प्रेस कौन्सिलच्या 1978 च्या कायद्यात सूत्र उघड न करण्याची मुभा आहे, पण ती फक्त कौन्सिलसमोर. पोलिसांसमोर किंवा कोर्टात तिचा काही उपयोग नाही.

म्हणजे वर्तमानपत्राच्या त्या बातमीदाराकडे माझ्यापेक्षा जास्तीचं होतं ते मागे उभं असलेलं कार्यालय. कायदा त्याच्याही बाजूने नव्हता. तेव्हा मला त्याचा हेवा वाटला, आणि खरं सांगायचं तर अजूनही वाटतो.

कागद देणारा माणूस त्यानंतर माझ्याशी बोललेला नाही. माझ्याकडून नाव फुटलं नाही, पण त्याने माझ्यावर विश्वास ठेवायचा तो कशाच्या आधारावर? माझ्या स्वभावाच्या? मला जे संरक्षण हवं आहे ते त्याच्यासाठी, हे मी ओळखपत्रवाल्यांना किती वेळा सांगितलं असेल. त्यांना वाटतं, मला त्यांच्या खुर्चीत बसायचंय.

तसा त्यांचा संशय अगदीच निराधार नाही म्हणा. एके काळी मीच लिहिलं होतं की सरकारने ब्लॉगरांनाही अधिस्वीकृती, म्हणजे सरकारमान्य पत्रकाराचं कार्ड, द्यावी, अर्ज मागवावेत, छाननी करावी. आज मला ते मान्य नाही. ज्यांच्याबद्दल लिहायचं त्यांनीच आपल्याला कार्ड द्यायचं आणि त्यांनीच काढून घ्यायचं, यात लिहिणाऱ्याचं काय राहिलं? आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयाने 1985 मध्येच सांगितलं होतं की पत्रकारितेसाठी सक्तीचा परवाना लावणं हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग आहे. पण तेव्हाच्या मला विचाराल तर ती म्हणेल, कार्ड नसताना चौकीत बसून दाखव. ती बसलेली नव्हती तरी तिचं म्हणणं खोटं नाही. महाराष्ट्राने 2017 मध्ये पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध कायदा केला. त्यात 'पत्रकार' कोण, तर माध्यमसंस्थेत नोकरीवर किंवा कराराने असलेला. मला कोणी मारलं तर ती साधी मारहाण.

आता तुमचा ठेवणीतला आक्षेप. बूम, म्हणजे चॅनेलचा माइक, हातात धरून 'बातमी लावतो' म्हणत पैसे उकळणारे, कोणाच्याही चारित्र्यावर काहीही लिहून मोकळे होणारे, यांनाही हेच संरक्षण देणार का? मला ते द्यायचं नाही. माझा जीव जळतो त्यांना बघून, कारण लोक आम्हाला एकाच माळेचे मणी समजतात. अमेरिकेत 2014 मध्ये ओब्सिडियन विरुद्ध कॉक्स खटल्यात अपील न्यायालयाने ब्लॉगरला बदनामीच्या दाव्यात पत्रकाराइतकंच घटनात्मक संरक्षण दिलं. त्या निकालातच त्या ब्लॉगरबद्दल लिहिलंय की आरोप करून ते मागे घेण्यासाठी पैसे मागायचा तिचा इतिहास दिसतो; ते वाचून मी तिला माझी प्रतिनिधी म्हणणार नाही. हक्क मात्र तिच्यामुळे पक्का झाला. खंडणीसाठी वेगळं कलम आहे, ते लावा, असं मी म्हणते. ते लावलं जातं का, यावर माझ्याकडे उत्तर नाही.

मला पटलेला मजकूर सापडला तो जुन्या कागदांत. कायद्यांत सुधारणा सुचवणाऱ्या विधी आयोगाने 1983 मध्ये आपल्या 93 व्या अहवालात पुरावा कायद्यात 132-क हे कलम घालायची शिफारस केली होती. त्यात संरक्षण 'पत्रकाराला' दिलेलं नव्हतं. प्रकाशनाला जबाबदार असलेल्या आणि गुप्ततेच्या बोलीवर माहिती मिळवलेल्या कोणाही व्यक्तीला दिलेलं होतं. ब्लॉग जन्मायच्या आधीची गोष्ट! 2023 मध्ये पुरावा कायदा पुरता बदलला, पोलिसांच्या खबऱ्यांचं कलम नव्या अंकाखाली पुन्हा आलं. हे काही आलं नाही.

ते यावं, एवढीच माझी मागणी आहे. 'जबाबदार' म्हणजे माझ्या मते नाव लावून लिहिणारा, चूक दाखवल्यावर दुरुस्ती छापणारा, समोरच्याची बाजू विचारणारा. निनावी पानं चालवणारे त्यात बसत नाहीत. वकीलबाई म्हणतात, चांगला वकील कोणालाही बसवेल, आणि ज्याला जिवाच्या भीतीने नाव लपवावं लागतं त्याला तुम्ही बाहेर काढणार का? यावर आमचं अजून जमलेलं नाही.