नाव बदलणार नाही

अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या हॅकनी भावांनी, म्हणजे डेव्हिड, बॉबी आणि डॅनिसने, आपल्या बँडचं नाव ठेवलं ‘डेथ’. आपल्या घरात कुणी असं काही सुचवलं असतं, तर आजी ‘शुभ बोल नाऱ्या’ म्हणत अंगावरच आली असती. आधीचं नाव तसं बाळबोध होतं, रॉक फायर फंक एक्स्प्रेस. मग वडील अपघातात गेले. मरण ही काही वाईटच गोष्ट नाही, असं डेव्हिडच्या मनाने घेतलं आणि पाटी बदलली.

गाव मोटाउनचं, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या सोल संगीतासाठी गाजलेल्या रेकॉर्ड कंपनीचं. कृष्णवर्णीय पोरांनी गोड सोल गाणी म्हणावीत, ही वस्तीची अपेक्षा. आणि ही पोरं आईच्या घरातल्या खोलीत कानठळ्या बसतील असा रॉक बडवत होती. पंक, म्हणजे झपाट्याचा, खडबडीत रॉक म्हटलं की लोक न्यूयॉर्कच्या रमोन्स या बँडपासून मोजायला लागतात. रमोन्सचा पहिला अल्बम 1976चा. डेथने 1975 मध्येच युनायटेड साउंड स्टुडिओत सात गाणी रेकॉर्ड केली होती. तोच तुफान वेग, तोच तुटक ठेका.

क्लाइव्ह डेव्हिससारख्या रेकॉर्ड धंद्यातल्या बड्या माणसाला गाणी आवडली. अट एकच, नाव बदला. डेव्हिड म्हणाला, नाही. झालं, करार बारगळला. 1976 मध्ये भावांनी पदरमोड करून ‘पॉलिटिशियन्स इन माय आइज’ या गाण्याच्या 500 तबकड्या काढल्या. रेडिओने फारसं विचारलं नाही. पुढे तिघं व्हरमाँटला गेले, तिथे देवाची गाणी गायले. डेव्हिड डेट्रॉइटला परतला. बॉबी आणि डॅनिस रेगेत, म्हणजे जमैकाच्या संगीतात रमले.

ही गोष्ट सांगताना सगळे डेव्हिडच्या बाण्यावर फिदा होतात. मला त्या दोघांचं जास्त वाटतं. हट्ट एकाचा, आणि त्यापायी हुकलेली संधी तिघांची! तरी त्यांनी भावाची साथ सोडली नाही. डेव्हिडने मूळ टेप बॉबीकडे सोपवल्या आणि बजावलं, जग एक दिवस हे शोधत येईल. 2000 मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने तो गेला. टेप माळ्यावर राहिल्या.

जग आलं खरं. जुन्या तबकड्या हुडकणारे शौकीन त्या 500 पैकी एखादीसाठी शेकडो डॉलर मोजू लागले. बॉबीच्या मुलाने कॅलिफोर्नियातल्या एका पार्टीत हे गाणं ऐकलं, तर आवाज चक्क वडिलांचा! घरात कुणी कधी याबद्दल बोललंच नव्हतं. 2009 मध्ये ‘ड्रॅग सिटी’ या रेकॉर्ड कंपनीने ती सात गाणी अल्बम म्हणून काढली. जेमतेम 26 मिनिटांचा ऐवज.

बॉबीच्या पोरांनी काकाची गाणी वाजवायला स्वतःचा बँड काढला. मग बॉबी आणि डॅनिसही ‘डेथ’ म्हणून पुन्हा मंचावर चढले. गिटारला रेगे बँडमधलाच जोडीदार, बॉबी डंकन. तो वाजवतो झकास. पण रेकॉर्ड लावली की डेव्हिडची गिटार ज्या बेफिकिरीने घुसते, ती काही औरच.