हॉस्टेलच्या पत्त्यावर मतदार नोंदणी : माझा अनुभव

‘हॉस्टेलवाल्यांची नोंदणी इथे होत नाही, आपापल्या गावी करायची.’ हे वाक्य मी २०२४ च्या मार्चमध्ये एकाच खिडकीवर तीनदा ऐकलं. ते साफ चुकीचं आहे. ते चुकीचं आहे हे आधी मला कळायला आणि मग समोरच्याला पटवायला जवळजवळ तीन आठवडे गेले. हॉस्टेलवर राहणाऱ्या कुणाचं तरी काम पुढच्या वेळी एका फेरीत व्हावं, म्हणून लिहितेय.

मी लातूर जिल्ह्यातली, पदवीसाठी पुण्यात. नोव्हेंबर २०२३ मध्ये मला अठरा पूर्ण झाली. २५ जानेवारीला, राष्ट्रीय मतदार दिनाला, कॉलेजात नोंदणीचं शिबिर होतं. तिथेच मोबाईलवर नमुना ६, म्हणजे नवीन नाव नोंदवायचा अर्ज, भरला. फोटो, आधार, दहावीचं प्रमाणपत्र, पत्ता हॉस्टेलचा. वर्षातले दहा महिने मी इथे राहते, इथल्या बसने फिरते, इथलं पाणी पिते, म्हणून इथलाच पत्ता. दहा-पंधरा मिनिटांत अर्ज गेला, संदर्भ क्रमांक आला आणि मी निर्धास्त झाले. तिथेच चुकले. अर्ज भरला म्हणजे नाव लागलं असं नसतं. दर आठवड्याला त्या क्रमांकावरून स्थिती बघत जा.

१६ मार्चला, शनिवारी दुपारी, निवडणूक आयोगाने लोकसभेच्या तारखा जाहीर केल्या. आम्ही मेसमधल्या टीव्हीसमोर बसलो होतो. देशात ९७ कोटींच्या आसपास मतदार आणि त्यांत १ कोटी ८० लाखांहून जास्त पहिल्यांदा मत देणारे, असं सांगितलं तेव्हा खरंच अंगावर काटा आला. त्यांतली एक मी, या आनंदात मोबाईल काढून अर्ज उघडला. ‘नामंजूर. अर्जदार पत्त्यावर आढळला नाही.’ म्हणजे मी त्या आकड्यात नव्हतेच.

सोमवारी सकाळी पहिलं लेक्चर सोडून मतदार नोंदणीचं कार्यालय गाठलं. दीड तास रांगेत उभी राहिले. खिडकीतल्या काकांनी पत्ता वाचला आणि वर लिहिलेलं ते वाक्य ऐकवलं. मी म्हटलं, काका, मी इथे तीन वर्षं राहणार आहे. ते म्हणाले, ‘लातूरचं मत लातूरला द्या. पुढे कोण?’

माझ्या पुढे गोंदियाचा एक मुलगा होता. त्यालाही हेच सांगितलं. त्याने मान हलवली, कागद घडी करून खिशात ठेवले आणि गेला. गोंदियाकडे पहिल्याच टप्प्यात, १९ एप्रिलला मतदान होतं आणि पुण्याहून तिथे जायचं म्हणजे रात्रभराचा प्रवास. तो परत आला का, मला माहीत नाही. त्या खिडकीची आठवण झाली की मला आधी तोच आठवतो.

दुसऱ्या फेरीला बोनाफाईड, म्हणजे कॉलेजात शिकत असल्याचं प्रमाणपत्र, आणि रेक्टर मॅडमचं पत्र नेलं. काकांनी ते हातातही घेतलं नाही. ‘भाडेकरार आणा, नाहीतर लाइटबिल.’ हॉस्टेलच्या खोलीचा भाडेकरार कुठून आणणार? लाइटबिल संस्थेच्या नावावर. तिसऱ्या फेरीला साहेब प्रशिक्षणाला गेले होते, आणि साहेब नसले तरी खिडकीवरचं वाक्य तेच होतं. मी म्हटलं, असं असेल तर मला लिहून द्या. ‘आम्ही काही लिहून देत नसतो.’ मागून एक बाई म्हणाल्या, ‘ए मुली, आम्हालाही घरी कामं आहेत.’ डोळ्यांत पाणी आलं, ते बाहेर जिन्यात येऊन पुसलं.

त्या रात्री बाबांचा फोन आला. ‘राहू दे गं, पुढच्या वेळी दे मत.’ बाबा प्रेमाने म्हणाले, पण मला ते लागलं. लोकसभेची पुढची वेळ पाच वर्षांनी येणार. आणि मतदानाचं वय २१ वरून १८ वर आणायला थेट राज्यघटनेत दुरुस्ती करावी लागली होती, ६१ वी. १९८९ पासून अठराव्या वर्षी मत देता येतं, ते बाबांच्या पिढीला मिळालं. ते मी एका खिडकीवर सोडून यायचं का?

दुसऱ्या दिवशी १९५० वर फोन केला. हा मतदारांसाठीचा मदत क्रमांक आहे, आणि मी तो पहिल्याच दिवशी फिरवायला हवा होता. पलीकडच्या ताईंनी शांतपणे सांगितलं की हॉस्टेलमध्ये राहणाऱ्या विद्यार्थ्याला आईवडिलांच्या पत्त्यावर किंवा हॉस्टेलच्या पत्त्यावर, कुठेही एकाच ठिकाणी नाव नोंदवता येतं. अट एवढीच, की अभ्यासक्रम मान्यताप्राप्त आणि किमान एक वर्षाचा असावा आणि कॉलेजच्या प्रमुखांचं बोनाफाईड जोडावं. आयोगाच्या संकेतस्थळावरच्या प्रश्नोत्तरांत हे लिहिलेलं आहे. त्या पानाची प्रिंट काढली आणि त्या ओळींखाली लाल पेनाने रेघ मारली. जानेवारीत शिबिरात आम्हाला बोनाफाईड जोडायला कुणी सांगितलंच नव्हतं, हेही तेव्हा कळलं. तुम्ही अर्ज कराल तेव्हा आधी ते घ्या. कॉलेजच्या ऑफिसला द्यायला दोन-तीन दिवस लागतात.

घाईही होती. उमेदवारी अर्ज भरण्याच्या शेवटच्या तारखेला त्या निवडणुकीपुरती यादी बंद होते. आमच्याकडे ती तारीख २५ एप्रिल होती. पण प्रत्येक अर्जावर हरकतींसाठी सात दिवस ठेवावे लागतात, म्हणून प्रत्यक्षात एप्रिलच्या मध्यापर्यंतच हातात वेळ असतो. मध्ये धुळवड, गुड फ्रायडे, पुढे पाडवा. कॅलेंडर बघून पोटात गोळा यायचा.

चौथ्या फेरीला मी खिडकीवर थांबलेच नाही. आत जाऊन सहायक नोंदणी अधिकारी कुठे बसतात ते विचारलं. मॅडम होत्या. टेबलावर फायलींचा ढीग, फोन सारखा वाजत होता. त्यांनी माझी प्रिंट वाचली, बोनाफाईड बघितलं, आणि म्हणाल्या, ‘बरोबर आहे तुझं. नव्याने नमुना ६ भर, हे दोन्ही कागद जोड.’ मग खिडकीतल्या काकांना बोलावून तेच सांगितलं. सगळं मिळून दोन मिनिटं लागली. मला आनंद व्हायला हवा होता, पण राग आला. दोन मिनिटांत सांगता येण्यासारखी गोष्ट खिडकीवरच का सांगितली नाही? कामाचा ताण असेल, मान्य. पण माहीत नसेल तर ‘आत विचारा’ एवढं म्हणता येतं. माणसाला त्याच्या हक्काच्या जागेवरून परत पाठवताना निदान आपलं बरोबर आहे ना, हे तपासावं.

अर्ज नाकारला गेला तर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपीलही करता येतं. माझी मुदत टीव्ही बघेपर्यंत उलटून गेली होती. नाहीतरी नवा अर्ज जास्त लवकर होतो. फक्त आधी गावी नाव लागलेलं असेल तर नमुना ६ भरू नका. तेव्हा नमुना ८ भरून नाव हलवायचं असतं. दोन ठिकाणी नाव असणं कायद्यात बसत नाही.

या वेळी मी वाट बघत बसले नाही. आयोगाच्या मतदार पोर्टलवर आपल्या भागाच्या बीएलओंचं, म्हणजे घरोघरी जाऊन पडताळणी करणाऱ्या मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्यांचं, नाव आणि नंबर मिळतो. फोन लावला तर एक शिक्षिका निघाल्या. ‘अगं, फेब्रुवारीत मी दोनदा आले होते तुमच्याकडे. गेटवर म्हणाले, मुली कॉलेजला गेल्यात.’ म्हणजे पत्त्यावर न आढळण्याचं कारण हे होतं. शाळा सुटल्यावर, दुपारच्या उन्हात, यादी घेऊन त्या दारोदार फिरत होत्या. त्यांच्यावर रागवावं असं मला काहीच सापडलं नाही. संध्याकाळी सहानंतरची वेळ ठरवली, रेक्टर मॅडमना सांगून ठेवलं, आणि खोल्याखोल्यांत जाऊन आणखी कुणाचे अर्ज अडकलेत ते विचारलं. सात जणी निघाल्या. बाईंनी आठही जणींची पडताळणी एका बैठकीत केली. रेक्टर मॅडमनी त्यांना चहा दिला. पाडव्यानंतर दोन-तीन दिवसांत सगळ्यांचे अर्ज मंजूर झाले.

७ मेला आईबाबांनी गावी मत दिलं आणि शाईच्या बोटांचा फोटो पाठवला. आमचं १३ मेला. मतदार कार्ड आलं नव्हतं, पण यादीत नाव असलं की आधार किंवा पॅन कार्ड चालतं. भाग क्रमांक आणि यादीतला अनुक्रमांक कागदावर लिहून न्या, कारण मोबाईल आत नेता येत नाही. आमच्यातल्या दोघींना तो ठेवायला परत जावं लागलं.

आम्ही सातच्या आधीच रांगेत होतो. पहिल्या अधिकाऱ्याने माझं नाव मोठ्याने वाचलं. यादीतलं माझं नाव कुणीतरी मोठ्याने वाचतंय, हे ऐकायला मी किती फेऱ्या मारल्या होत्या! शाई लागली, सही झाली, चिठ्ठी घेतली. पुण्यात ३५ उमेदवार होते आणि एका यंत्रावर १६ च नावं बसतात, म्हणून ‘नोटा’ धरून तीन यंत्रं शेजारी शेजारी मांडलेली. आधी अनुक्रमांक बघून जा, नाहीतर आत गोंधळायला होतं. बटण दाबलं. शेजारच्या यंत्राच्या काचेत, मत कुणाला दिलं ते दाखवणारी छापील चिठ्ठी सात सेकंद दिसते. मी ती पूर्ण सात सेकंद बघितली. मग ती खाली पडली आणि लांब बीप वाजला.

कार्ड जूनमध्ये स्पीड पोस्टाने आलं, निकाल लागून गेल्यावर. त्याआधी मोबाईल नंबर जोडलेला असेल तर ई-कार्ड उतरवून घेता येतं. हॉस्टेलच्या सुट्टीत पोस्ट परत जाऊ नये म्हणून गेटवर सांगून ठेवा.

बीएलओ बाईंचा नंबर आता आमच्या नोटीस बोर्डावर लावलाय, खाली बोनाफाईडचा नमुना आणि त्या प्रश्नोत्तरांची प्रिंट. लाल रेघेसकट. दरवर्षी जूनमध्ये नव्या मुली येतात. आता १ जानेवारीखेरीज १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर या तारखांनाही अठरा पूर्ण झालेली धरतात, आणि सतरा पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्ज करता येतो. म्हणून मी त्यांना पहिल्याच आठवड्यात त्या बोर्डापाशी घेऊन जाते.