पोटरीवरच्या निळ्या खुणा

वसुबारसेच्या दिवशी सकाळी सव्वासातला फोन आला. "ताई, ह्यांना उठताच येईना. उजव्या पायात अशी कळ मारतीय की रात्रभर डोळ्याला डोळा न्हाई. घरी येऊन बघाल का?" मागे पिठाची गिरणी धडधडत होती, त्यामुळे वहिनींना ओरडून बोलावं लागत होतं.

मी कराडला फिजिओथेरपिस्ट आहे. सकाळी क्लिनिक, दुपारनंतर ज्यांना हलता येत नाही त्यांच्या घरी जाणं. या गिरणीत माझंही दळण असतं. दिवाळीचा आठवडा म्हणजे चकलीची भाजणी, अनारशाचं पीठ, बेसन, वर्षाची खरी कमाई याच दिवसांत. आणि नेमका गिरणीवाला अंथरुणात. क्लिनिकमधले पहिले दोन पेशंट पुढे ढकलले आणि निघाले.

राहायची खोली गिरणीच्या माडीवर. भाजलेल्या धण्या-जिऱ्याचा वास जिन्यापर्यंत आलेला. दादा जमिनीवर घोंगडीवर कुशीला पडले होते, उजवा गुडघा छातीशी ओढून. वय बेचाळीस. खाली मोटार सुरू झाली की फरशी बारीक थरथरायची आणि त्यांचा ओठ दाताखाली जायचा.

नऊ दिवसांपूर्वी गव्हाचा डबा जमिनीवरून उचलून, तसंच कमरेत वळून गिरणीत ओतताना कट्कन आवाज झाला होता. पहिले दोन दिवस कंबर धरली. मग कंबर जरा हलकी झाली आणि कळ खुब्यातून मांडीत, मांडीतून पोटरीच्या बाहेरच्या बाजूनं घोट्यापर्यंत उतरली. हाडांच्या डॉक्टरांनी तपासून एमआरआय काढला होता. कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली गादी उजवीकडे सरकून नस दाबतेय, ऑपरेशनची घाई नाही, गोळ्या घ्या, व्यायाम शिकून घ्या, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं. घरात मात्र शब्द एकच: "मणक्यात गॅप आलाय."

या 'गॅप'नं माझ्या पेशंटांचं फार नुकसान केलंय. गॅप म्हटलं की माणसाला वाटतं, पाठीचा कणा दोन ठिकाणी सुटलाय, हललो तर तुटेल. तसं काही नसतं. दोन मणक्यांमधल्या गादीला बाहेरून चिवट कडी असतात, आत मऊ गर. कडी चिरली की गर बाहेर येतो, शेजारच्या नसेला टेकतो, नस सुजते आणि कळ त्या नसेच्या वाटेनं पायात उतरते. बाहेर आलेला हा गर शरीर पुष्कळदा स्वतःच हळूहळू शोषून घेतं. सहा ते बारा आठवड्यांत बहुतेकांचा पाय बराचसा मोकळा होतो, सुरी न लावता. हे सगळं दादांना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा माझ्याकडे वळून बघायला लागले. नऊ दिवस ते हलले नव्हते ते दुखण्यापेक्षा भीतीनं.

आजी दाराशी बसल्या होत्या. "परवा नणंदेच्या नातवाचा पाय लावून घेतलाय. पायाळू हाय त्यो, जन्मताना पायाकडनं आलेला. तीन डाव लावला." त्या माउलीचा हेतू कळत होता, पण माझ्या पोटात गोळा आला. साधी उसण, म्हणजे धरलेला स्नायू, चार दिवसांत आपोआप सुटतो, पायाळूचा पाय लागो न लागो. इथे मात्र नस दबलेली होती. तिच्यावर लाथ, तुडवणं, हाडवैद्याचा झटका, यातलं काहीही नको. आजींचा हात धरून सांगितलं, "आजी, शेका, तेल हलक्या हातानं लावा, पण पाठीवर आता कुणाचा पाय नको." त्यांनी मान हलवली.

मग मी ते प्रश्न विचारले जे मी कधीच चुकवत नाही. लघवी नीट होतेय का? झालेली कळतेय का? संडासवर ताबा आहे का? दोन्ही मांड्यांच्या मधे, बसायच्या जागी बधीर लागतंय का? कळ दोन्ही पायांत आहे का? ताप, वजन उतरणं? माणसं संकोचतात, बायकोसमोर तर जास्तच. तरी विचारते. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका पेशंटला मी हे विचारलं नव्हतं. कंबर आणि दोन्ही पाय दुखतात म्हणून ते येत होते, मी शेक देत होते, व्यायाम घेत होते. लघवीची अडचण त्यांनी लाजेनं सांगितली नाही आणि मी काढून घेतली नाही. कण्याच्या शेवटाला नसांचा जो जुडगा असतो तो पुरता दाबला गेला होता. ऑपरेशन झालं, पण उशिरा. असं झालं तर तास मोजायचे असतात, दिवस नाही. त्यांना अजून नळी लावून लघवी काढावी लागते.

दादांची सगळी उत्तरं ठीक होती. उताणं झोपवून उजवा पाय सरळ उचलला, वीतभर वर गेला आणि कळ सुटली. अंगठा वर ओढून धरायला सांगितलं, जोर डाव्यापेक्षा थोडा कमी पण होता. उभे राहिले तर कंबर डावीकडे कललेली.

त्यांची आठवीतली मुलगी दारातून बघत होती. तिला म्हटलं, "तुझा स्केचपेन आण." दादांना विचारलं, "कळ आत्ता कुठपर्यंत आहे, बोट लावून दाखवा." त्यांनी घोट्याच्या वर चार बोटं जागा दाखवली. तिथे तिनं निळी आडवी रेघ मारली.

दादांना पोटावर झोपवलं, पोटाखाली उशी. पहिली दोन मिनिटं ते कण्हले. पाच मिनिटांनी उशी काढली. आणखी पाच मिनिटांनी कोपरांवर हळूच छाती उचलायला लावली, कंबर सैल सोडून. "कळ कुठंय?" बोट पोटरीच्या मधोमध. दुसरी रेघ. मग हात टेकून छाती वर, सोडून खाली, असं दहा वेळा. तिसरी रेघ गुडघ्याच्या मागे.

आणि मग ते एकदम म्हणाले, "ताई, पण आता कंबर लई दुखाय लागली."

आजी उठून उभ्याच राहिल्या. "बगा, वाडलं की!"

अशा वेळी बहुतेक लोक व्यायाम सोडून देतात. पण याचीच तर मी वाट बघत होते. 1956 मध्ये न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनला रॉबिन मॅकेन्झी नावाच्या फिजिओथेरपिस्टकडे असाच एक पायात कळ असलेला पेशंट आला. आधीच्या पेशंटसाठी टेबलाची एक बाजू उंच केलेली होती आणि हा गृहस्थ चुकून त्यावर पालथा झोपला, पाठ मागे वाकलेली. घाबरून मॅकेन्झी विचारायला गेले, तर तो म्हणाला, पाय गेल्या तीन आठवड्यांत इतका बरा नव्हता. कळ पायातून वर सरकून कंबरेशी गोळा झाली होती. कळ वर चढते तेव्हा कंबर थोडी जास्त दुखली तरी चालते. कळ खाली उतरली, पाय जास्त बधीर झाला, तर तो व्यायाम त्या माणसाचा नाही, तिथेच थांबायचं. पन्नाशी-साठी ओलांडलेल्या पुष्कळांना तर मागे वाकलं की त्रास होतो, पुढे वाकलं की आराम. वहिनींनी मोबाईलवर पवनमुक्तासनाचा व्हिडिओ दाखवला, "हे करायला लावू?" नको म्हटलं. दादांना गुडघे छातीशी घेऊन पडल्यानं बरं वाटत होतं, पण तासाभरानं कळ आणखी खाली उतरत होती.

बाकीचं सांगायला पाऊण तास लागला. दिवसभर अंथरुणात पडायचं नाही, तासाभरानं उठून खोलीतच पाच-दहा मिनिटं चालायचं. झोपताना कुशीवर, गुडघ्यांत उशी. उठताना आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, मग हाताच्या रेट्यानं बसायचं. नुसत्या फळीवर झोपायचा अट्टाहास नको, कापसाची चांगली भरलेली गादी चालेल. रात्रीत मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगतात, म्हणून सकाळी उठल्यावर पहिला तासभर वाकणं नाही, तोंड धुताना बेसिनवरसुद्धा नाही. शिंक आली तर भिंतीला हात टेकून, पाठ जरा मागे घेऊन शिंकायचं. बद्धकोष्ठ होऊ द्यायचं नाही, कुंथलं की नसेवर ताण येतो. उकिडवं बसायला नको म्हणून वहिनी संध्याकाळी संडासासाठी भोक असलेली प्लास्टिकची खुर्ची घेऊन आल्या. कमरेचा पट्टा फक्त दवाखान्यात जाताना.

रात्री पावणेनऊला मी दाराशी पणती लावत होते तेव्हा वहिनींचा फोन. "ताई, दुपारपासून लघवीलाच गेलं न्हाईत. जातो म्हणत्यात, होत न्हाई."

हातातली काडी तशीच विझली. मला ते पहिल्या वर्षातले गृहस्थ दिसले. "आत्ताच्या आत्ता रिक्षा बोलवा, हॉस्पिटलला न्या. उद्यावर नको. मी तिथंच येते." वहिनी म्हणाल्या, सकाळी तर सगळं ठीक होतं ना? सकाळचं रात्री खरं राहत नाही, एवढंच म्हणाले.

डॉक्टरांनी तपासलं, बसायच्या जागी टाचणीनं टोचून संवेदना बघितली, सोनोग्राफीत मूत्राशय बघितलं. मूत्राशय जवळजवळ रिकामं होतं. दादांनी खाली मान घातली. उठताना कळ मारते, म्हणून आठ दिवस पाणीच पीत नव्हते. आज तर सकाळचा चहा आणि दुपारी अर्धा पेला, एवढंच. वहिनी त्यांच्यावर रागावल्या आणि रडल्याही. त्यांना मी सांगितलं, आणलंत ते बरोबरच केलंत, पुन्हा असं वाटलं तर पुन्हा आणा, दहा वेळा आणा. आणि मलाही एक कळलं. लघवी होते का, एवढं विचारून भागत नाही. पाणी किती पिता, तेही विचारायला हवं होतं. त्या दिवसापासून विचारते.

नरक चतुर्दशीला मी सकाळी अकराला गेले. दादा माडीवर येरझारा घालत होते. आजींनी पहाटे स्टुलावर बसवून आंघोळ घातली होती, पाठीला उटणं लावलं होतं. पायावरच्या निळ्या रेघा पार धुऊन गेल्या होत्या. मुलगी स्केचपेन घेऊन तयार. "कळ कुठंय?" विचारलं. दादांनी हात मागे नेला आणि कुल्ल्यावर बोट ठेवलं. तिथे काही रेघ मारता आली नाही, ती लाजून पळाली.

पोटरीतल्या मुंग्या डिसेंबरपर्यंत राहिल्या. गिरणीत दादा आठव्या आठवड्यात उभे राहिले, तेही अर्धा दिवस. खाली आता कमरेएवढा सिमेंटचा ओटा बांधलाय, गिरणीच्या तोंडाला लागूनच. गिऱ्हाईकानं डबा त्यावरच ठेवायचा. परवा मी ज्वारीचा डबा सवयीनं जमिनीवर ठेवला, तर आतून आजींचा आवाज आला, "ताई, वर. वर ठेवा त्यो."