समोरचा थाप मारत असला, तरी

तीन पत्तीवर हात बसलेल्या माणसाला पोकरमधला सेमीब्लफ, म्हणजे आत्ता कच्च्या पण पुढच्या पानाने सुधारू शकणाऱ्या हातावर मारलेली थाप, उमगायला वेळ लागतो. निदान मला तरी लागला. तीन पत्तीत एकदा वाटलेली पाने बदलत नाहीत, त्यामुळे समोरच्याची चाल खरी तरी असते किंवा थाप तरी, आणि शो झाला की प्रश्न मिटतो. पोकरच्या टेक्सास होल्डेम प्रकारात (प्रत्येकाच्या हाती दोन पाने, बाकी पाच सगळ्यांसाठी टेबलावर उघडी) मात्र फ्लॉपवर, म्हणजे पहिली तीन पाने उघडल्यावर, बेट लावणाऱ्याच्या हाती त्या क्षणी काहीच नसले, तरी टर्न आणि रिव्हर ही चौथी-पाचवी पाने अजून यायची असतात.

मित्रांच्या एका डावात माझ्याकडे इस्पिकचा एक्का आणि नव्वी होती. फ्लॉपवर किलवरचा राजा, बदामची नव्वी आणि बदामची चव्वी आली. पॉट, म्हणजे मधे जमलेली रक्कम, 600 चिप्सचा असताना समोरच्याने 400 लावले. 400 भरून एकूण 1,400 चा पॉट होणार, म्हणजे 28.6 टक्के वेळा जिंकलो तरी पुरे, शिवाय हा नक्की ड्रॉवर (पुरा व्हायला एखादे पान बाकी असलेल्या हातावर) आहे, असा हिशेब करून मी कॉल केला. टर्नला चौकटची दुर्री आली, त्याने आणखी 1,000 लावले आणि मी फोल्ड केला, म्हणजे पाने टाकली. त्याने हसत पाने उलटी केली : बदामची राणी आणि बदामचाच गुलाम.

माझा अंदाज अचूक होता आणि तरीही चूक माझीच होती. फ्लॉपवर त्याचे आउट्स, म्हणजे त्याला पुढे नेणारी पाने, मोजून पाहा : फ्लश (एकाच चिन्हाची पाच पाने) पुरा करणारे 9 बदाम, 3 राण्या, 3 गुलाम आणि स्ट्रेट (क्रमाने पाच पाने) पुरा करणाऱ्या बदामाखेरीज 3 दश्श्या, एकूण 18. नव्व्यांच्या जोडीने पुढे असलेला मी दोन्ही पाने पाहिली असती, तर सुमारे 60 टक्के वेळा हरलो असतो. उरलेले 40 टक्के कॉलला पुरेसे होते हे खरे. पण ते शेवटपर्यंत थांबणाऱ्यासाठी, आणि टर्नवरची दुसरी बेट झेलायची माझी तयारीच नव्हती. मधल्या जोडीवर ती तयारी नसेल, तर फ्लॉपवरच पाने टाकलेली बरी.

एक्का-राजा हाती असता, तर गणित बदलले असते. तेव्हा माझी जोडी राजांची, त्यामुळे राणी-गुलामाच्या जोडीचा त्याला उपयोग नाही, आउट्स 12 वर येतात. अनेक जण अशा वेळी फ्लॉपवरच रेज करतात, म्हणजे बेट वाढवतात. माझ्यानंतर बोलायची पाळी कोणाची नसेल, तर मी हल्ली थांबतो, कारण फ्लॉपवर त्याला सुमारे 45 टक्के संधी असते आणि टर्नला निरुपयोगी पान पडले की ती 27 टक्क्यांवर घसरते. महाग रेज करायची वेळ ती. बदाम किंवा दश्शी पडलीच, तर थोडक्यात सुटतो.

रिव्हरला ड्रॉ फसल्यावर सेमीब्लफ उरतच नाही, उरते ती निव्वळ थाप. तिथे रेज केल्यास हरणारी पाने फोल्ड होतात, म्हणून नुसता कॉल पुरतो. मात्र बदामचा एक्का माझ्याच हातात असेल, तर मी बिचकतो, कारण फसलेल्या फ्लशच्या कितीतरी जोड्या मग त्याच्याकडे असूच शकत नाहीत.