आमची वाटचाल : दिवा लुकलुकतोय तोवर हात लावायचा नाही

आमच्या दुकानात गणपतीच्या तसबिरीखाली खिळ्याला एक मेलेला राऊटर टांगलाय. घरात वायफाय देणारा पांढरा डबा, दोन अँटेना, पाठीवर मार्करने लिहिलेली तारीख. बिल भरायला आलेलं नवं गिऱ्हाईक हमखास विचारतं, "दादा, हे काय? नजर लागू नये म्हणून?" मी हो म्हणून मोकळा होतो. खरी गोष्ट सांगायची तर वेळ लागतो, आणि त्यात माझीच शोभा आहे.

धंदा नानांचा, केबल टीव्हीचा. कराडच्या अलीकडे, ओगलेवाडीच्या अंगाला. १९९२ साली त्यांनी स्लॅबवर जाळीची मोठी डिश बसवली, खालच्या खोलीत व्हीसीआर ठेवला आणि चिंचेच्या झाडावरून, लोकांच्या पत्र्यांवरून काळी वायर ओढत चाळीस घरं जोडली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये झी टीव्ही सुरू झाला आणि नानांना कनेक्शन द्यायला दिवस पुरेना. १९९५ला केबलचा कायदा आला, पोस्टात जाऊन नोंदणी केली. मी तेव्हा शाळेत होतो. माझं काम म्हणजे रात्री नऊचा सिनेमा वेळेवर लावणं आणि कॅसेट अडकली की हाताने फिरवून सोडवणं.

पुढचं सगळ्या केबलवाल्यांचं झालं तेच आमचं झालं. २०१७ला ग्रामीण भागात सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला, त्याच सुमाराला मोबाईलवर फुकटात डेटा मिळायला लागला आणि पोरं टीव्हीसमोरून उठली. धाकट्या भावाने धंद्यातून अंग काढून घेतलं. मी २०१८ला कर्ज काढून फायबर, म्हणजे इंटरनेटची काचेची तार, टाकली. कंपनीकडून बँडविड्थ, म्हणजे इंटरनेटची क्षमता, विकत घ्यायची आणि घरोघर पोचवायची. खांबावर चढणं मला नवं नव्हतं, पण केसाएवढी काच जोडायचं स्प्लायसिंग शिकताना पहिल्या महिन्यात डोळे लाल झाले. २०२०च्या टाळेबंदीत मात्र पुण्या-मुंबईची नोकरदार पोरं लॅपटॉप घेऊन गावी आली, शाळा घरात शिरल्या, आणि एकशे ऐंशी कनेक्शनची चारशे तीस झाली. हे आकडे छातीठोकपणे सांगायचे दिवस होते. त्याच मस्तीत पुढचं घडलं.

मे २०२१ मध्ये मॅथी वानहूफ नावाच्या संशोधकाने वायफायमधल्या बारा दोषांची माहिती जाहीर केली. 'फ्रॅगअटॅक्स' असं त्याला नाव पडलं. त्यातले काही दोष तर १९९७पासूनच्या मूळ आराखड्यातलेच होते, म्हणजे जवळपास प्रत्येक वायफाय डब्यात. यानेच २०१७ला वायफायच्या सुरक्षेतली मोठी फट दाखवली होती, त्यामुळे बातमी कानाआड करण्यासारखी नव्हती. ऑगस्टमध्ये आमच्या राऊटरसाठी दुरुस्त फर्मवेअर, म्हणजे त्याला चालवणारा आतला प्रोग्राम, हातात आलं. साठ घरांत एकाच मॉडेलचा राऊटर होता. म्हटलं, एका रात्रीत उरकू. आमच्याकडचा पोऱ्या, आयटीआय झालेला, एकवीस वर्षांचा, म्हणाला, "दादा, आधी दोन-चार घरांत करून बघू का?" मी म्हटलं, "साठ घरांना काय मुहूर्त काढायचाय का?"

रात्री साडेअकराला दुकानातूनच एकेका राऊटरमध्ये लॉगिन करून फाइल चढवायला सुरुवात केली. सदतीस घरं मख्खन झाली. अडतिसाव्याला पडद्यावर आलं की फाइल या यंत्राशी जुळत नाही. एकोणचाळिसाव्याला तेच. मॉडेल तेच, डबा तोच, बिलावरही नाव तेच. साडेबारा वाजून गेले होते, डोळे चुरचुरत होते, आणि यंत्र मला 'नाही' म्हणतंय याचा मला राग आला. खाली एक चौकोन होता: तपासणी न करता चढवा. मी टिचकी मारली. पोऱ्याने माझ्याकडे बघितलं, बोलला नाही. उरलेले सगळे तसेच चढवले.

दोन वाजता तेवीस घरं अंधारात होती.

कारण सकाळी कळलं, राऊटर उलटा केल्यावर. खालच्या स्टिकरवर मुंगीएवढ्या अक्षरात मॉडेलपुढे व्हर्जन दोन. आधीच्या सदतिसांवर व्हर्जन तीन. बाहेरून जुळे भाऊ, आत प्रोसेसरच वेगळा. आम्ही दोन वेगवेगळ्या वेळी माल उचलला होता. मराठी माध्यमाच्या मुलाला रात्रीत उठवून तमिळचं पुस्तक वाचायला द्यावं, तसं आम्ही त्यांचं केलं होतं.

आता एक गोष्ट सांगतो, ती तेव्हा लक्षात आली नव्हती. त्याच्या महिनाभर आधी, जुलैत, कृष्णा-कोयनेला पूर आला. आमची मुख्य वायर दोन ठिकाणी तुटून वाहून गेली, तीन दिवस अर्ध्या गावाला नेट नव्हतं. कुणी एक वाकडा शब्द बोललं नाही. उलट चिखलात उभं राहून जोडणी करताना घराघरांतून चहा आला. आणि आता तेवीस घरांचं सात तास नेट गेलं तर फोनवर फोन. सकाळी साडेसातच्या ऑनलाइन वर्गासाठी बसलेल्या मुलाची आई रडकुंडीला येऊन बोलत होती. पुण्याच्या कंपनीत कामाला असलेल्याने पगार कापला तर तू देणार का, म्हणून विचारलं. स्टेशनरोडचे एक आजोबा शांतपणे म्हणाले, "बाळ, आमच्या गावाने अख्ख्या देशाला प्रभाकर कंदील पुरवले. त्यो वाऱ्यात इझत नव्हता. तुझं नेट वारा नसताना इझतंय." त्या सगळ्या शिव्यांत हीच मला जास्त लागली.

आणि माझा राग? तो पोऱ्यावर निघाला. दुकानात तीन गिऱ्हाईकं उभी असताना मी त्याला म्हटलं, "तुला स्टिकर वाचता येत नाही? आयटीआयमध्ये काय शिकवलं तुला?" त्याने रात्री सावध केलं होतं हे मला पक्कं आठवत होतं. तरीही. तो गप्प घरोघर फिरून तेवीस डबे पोत्यात घालून घेऊन आला. त्या बदल्यात आम्ही शेल्फवरचे नऊ जुने राऊटर जिथे शाळकरी मुलं होती तिथे लावले. उरलेल्या चौदा घरांना हात जोडले.

अशा राऊटरमध्ये चालू होतानाचा एक छोटा प्रोग्राम असतो, बूटलोडर. तो चिपच्या सुरुवातीला वेगळ्या जागी बसतो. तो शाबूत असला तर डबा मेलेला नाही, बेशुद्ध आहे. लॅपटॉपला वायरने जोडायचं, लॅपटॉपला नेटवर्कवरचा ठरलेला पत्ता हाताने द्यायचा, राऊटरचं रिसेट दाबून धरून वीज चालू करायची. काही सेकंद तो टीएफटीपी नावाच्या साध्या पद्धतीने फाइल मागतो. तेवढ्यात ती मिळाली की तो उठतो. वाचायला सोपं. आम्ही दोन तास रिसेट दाबत बसलो, काही नाही. अंगठ्याला वळ उठला. मग पोऱ्या हळूच म्हणाला, "फायरवॉल बंद केली का?" केली नव्हती. ती म्हणजे बाहेरून येणाऱ्याला अडवणारा लॅपटॉपचा पहारेकरी. राऊटर दर वेळी फाइल मागत होता आणि माझाच लॅपटॉप त्याला दारातून हाकलत होता.

फायरवॉल बंद केल्यावर पहिल्याच राऊटरने फाइल घेतली. दिवा लुकलुकायला लागला. एक मिनिट, दोन मिनिटं, तीन. फोन वाजतोय, गिऱ्हाईक दारात, दिवा नुसता लुकलुकतोय. चौथ्या मिनिटाला मी म्हटलं, अडकलं, आणि विजेची पिन उपटली.

तोच हा खिळ्यावरचा.

त्या चिपवर नवं लिहायच्या आधी जुनं पुसावं लागतं, ब्लॉकामागून ब्लॉक. पाटी पुसून झाली आणि लिहायच्या आत हात ओढला की पाटी कोरी. त्या बचाव फाइलमध्ये बूटलोडरही होता, म्हणजे मी नेमकं उठवणाऱ्यालाच मारलं होतं. चुकीच्या फाइलने तेवीस राऊटर नुसते झोपवले होते. मारला तो माझ्या घाईने.

मी तिथेच स्टुलावर बसलो. आई मागच्या दाराने चहा घेऊन आली, टेबलावरचा पसारा बघितला आणि म्हणाली, "भात शिजताना सारखं झाकण काढतोस तसंच करतोयस." तिला राऊटर म्हणजे काय ते आजही नीट माहीत नाही.

दुपारी पोऱ्या त्याच्या ओळखीच्या मोबाईल दुरुस्तीवाल्याला घेऊन आला. त्याने दुसरा राऊटर उघडला, बोर्डावर चार छोटी भोकं दाखवली. "हा सिरियल पोर्ट. तीन वायरी पुरतात, ग्राउंड, टीएक्स म्हणजे पाठवणारी, आरएक्स म्हणजे घेणारी. चौथी लावायची नाही. आणि ३.३ व्होल्टचाच अडॅप्टर, जुना कॉम्प्युटरचा पोर्ट लावलात तर बोर्ड जाळाल." वेग ठेवला सेकंदाला ११५२०० बिट, वीज दिली, आणि लॅपटॉपच्या काळ्या पडद्यावर अक्षरं धावायला लागली. इतकी मेमरी सापडली. इतकी चिप सापडली. पुढची प्रणाली सापडत नाही, पुन्हा प्रयत्न करतो. पुन्हा. पुन्हा.

मी थक्क झालो. आदल्या रात्रीपासून हा बिचारा घसा फोडून सांगत होता की त्याला काय होतंय. आम्हाला फक्त दिवा दिसत होता.

त्यानंतरचं काम विनोदी वाटावं इतकं शांतपणे झालं. फाइल गेली की पडद्यावर दिसायचं: पुसतोय, किती टक्के, लिहितोय, किती टक्के. सगळं मिळून सहा-सात मिनिटं लागायची. मी ज्या चौथ्या मिनिटाला पिन उपटली तेव्हा तो बहुतेक अजून पुसतच होता. सात मिनिटं तीच, आधीची आणि आताची. पण दिसत असली की माणूस बसून राहतो, आणि नुसता दिवा असला की हात शिवशिवतात. बाविसांपैकी एकवीस त्या रात्री दहापर्यंत उठले. एक आधीच विजेच्या झटक्याने अर्धमेला असावा, त्याला आम्ही दोष दिला नाही.

पुराचं कोडंही मला तिथेच उलगडलं. पुरात लोकांना पाणी दिसत होतं. वायर तुटलेली, आम्ही चिखलात उभे, सगळं डोळ्यांसमोर. त्या सकाळी मात्र त्यांच्यासमोर फक्त एक लुकलुकता दिवा होता आणि फोन न उचलणारा मी.

दुसऱ्या दिवशी मी पोऱ्याची माफी मागितली. तीच तीन गिऱ्हाईकं बोलावून नाही, तेवढं धैर्य नव्हतं. पण दुकान उघडं असताना, आई ऐकत असताना. तो म्हणाला, "राहू द्या दादा," आणि सोल्डरिंग आयर्न कुठे ठेवलंय ते विचारलं. पुढच्या महिन्यात त्याचा पगार वाढवला. तो आज दुकानाचा अर्धा कारभार बघतो आणि अपग्रेडचा दिवस तोच ठरवतो, मी नाही.

बदल फार केले नाहीत. प्रत्येक राऊटरच्या स्टिकरचा फोटो रजिस्टरला चिकटवला. नवं फर्मवेअर आधी दुकानात, मग माझ्या घरी, मग पाच घरांत, आणि आठवडा गेल्यावर बाकीच्यांत. जुनी फाइल आणि सेटिंगची प्रत हाताशी. टेबलाखाली बॅटरीचा यूपीएस. 'तपासणी न करता चढवा' या चौकोनाला हात लावायचा असेल तर दोघांनी हो म्हटलं पाहिजे. आणि काम अडकलं असं वाटलं की पिन उपटायच्या आधी समोरच्या टपरीवर जाऊन चहा पिऊन यायचं. टपरी मुद्दाम रस्त्यापलीकडची निवडलीय, जायला-यायला वेळ लागतो.

रागाचं काय, तो येतोच. गेल्या वर्षी एका अपग्रेडनंतर पाचपैकी दोन घरांत वायफायचं नावच बदललं, तेव्हाही कानशिलं तापली. पण तेव्हा दोनच घरं होती, आणि पोऱ्या स्टूल सरकवून म्हणाला, "दादा, चहा."

आणखी एक काम आता आम्ही न चुकता करतो. अपग्रेडच्या आदल्या दिवशी सगळ्यांना व्हॉट्सॲपवर मराठीत कळवतो: उद्या रात्री बारा ते एक नेट बंद राहील, दिवा लुकलुकेल, पिन काढू नका, रिसेट दाबू नका. काम सुरू झालं की एक मेसेज, संपलं की एक. मध्ये काही अडलं तर काय अडलंय तेही लिहितो, आमची चूक असली तरी. बरेच जण नुसते अंगठे पाठवतात. स्टेशनरोडचे आजोबा मात्र दर वेळी दोन मिनिटांत उत्तर देतात: "कंदील लावलाय. चालू द्या."