गेरूचा दोरा

शहरी बेघर निवाऱ्यात दर बुधवारी चित्रकलेचे साहित्य घेऊन जाण्याचा माझा नेम सुरू होऊन जेमतेम महिना झाला होता, आणि आदल्याच बुधवारी माझ्या हातून एक चूक घडली होती. शाळेत शिकवण्याच्या सवयीने मी सहज म्हणून गेले, ‘‘आज आपापले घर काढू या.’’ अकरा माणसे कागदाकडे पाहत बसून राहिली. एका आजींनी खडू डब्यात परत ठेवला आणि त्या पाणी प्यायच्या निमित्ताने उठून गेल्या.

त्यामुळे या खेपेस मी फक्त वर्तमानपत्रातले कोल्हापूरच्या रंकाळा तलावातल्या संध्यामठाचे छायाचित्र आणि ६ बाय ८ फुटांचा जोडलेला कागद नेला. निवाऱ्यात माणशी किमान ५० चौरस फूट जागा असावी, असा सरकारी निकष आहे. म्हणजे अंथरलेल्या त्या कागदाने जवळपास एका माणसाच्या वाट्याची जागा अडवली, आणि दोन खाटा सरकवाव्या लागल्या.

एवढेसे छायाचित्र एवढ्या कागदावर उतरवायचे कसे, या विचारात मी पट्टी घेऊन वाकले असताना, एरवी भिंतीकडे तोंड करून पडून राहणारे एक साठीचे गृहस्थ, सगळ्यांचे मामा, उठून आले. ‘‘बाई, पट्टी ऱ्हाऊ दे. दोरा हाय का?’’ गोधडीच्या दोऱ्याला त्यांनी गेरू चोळला, एक टोक मला धरायला दिले, दुसरे आपल्या अंगठ्याखाली दाबले, आणि ताणलेला दोरा मधोमध चिमटीत उचलून सोडून दिला. कागदावर तांबडी, सरळ रेघ उमटली. त्यांचा हात थरथरत होता. दोऱ्याला त्याचे सोयरसुतक नव्हते.

फुटाफुटाच्या ४८ चौकटी पडेपर्यंत तास गेला, आणि तेवढ्या वेळात ते तुटक तुटक बोलले. चित्रकार आणि सिनेमा दिग्दर्शक बाबूराव पेंटरांच्या या गावात त्यांनी सिनेमाच्या बॅनरवाल्याच्या हाताखाली उमेदीची वर्षे काढली होती. चौकटी पाडायच्या, रंग कालवायचा, ब्रश धुवायचे. ‘‘तोंडं वस्ताद काढायचे.’’ पुढे फ्लेक्स आले आणि काम बसले. त्यानंतरचे त्यांनी सांगितले नाही. नाव-गाव-कारण विचारणारे अर्ज त्यांच्याकडून अनेकदा भरून घेतले गेले असणार, म्हणून मीही विचारले नाही. दोरा धरून बसले.

मग प्रत्येकाने चौकटी वाटून घेतल्या. आजींच्या वाट्याला नुसते पाणी आले, ते त्यांनी काठोकाठ निळे भरायला घेतले. ‘‘आजी, मठाची सावली पडतीया तिथं. तेवढी सोडा,’’ मामांनी त्यांना अडवले. आजी चिडल्या, पण त्यांनी सावली सोडली.

संध्याकाळी एकच चौकट उरली. मी ब्रश मामांपुढे केला.

‘‘न्हाई बाई, आपलं काम रेघांचं,’’ असे म्हणून ते काडेपेटीवर दोरा गुंडाळू लागले. ‘‘पुढच्या टायमाला खडूची पूड आणा. गेरू लवकर पुसत न्हाई.’’