खंदकाच्या काठाने : ठाणे ते कोलकाता, माणशी बारा हजारांत

कोलकात्याला जायचं हे ताईने ठरवलं ते एका शब्दामुळे. ती शाळेत इतिहास शिकवायची. निवृत्त झाल्यावर एकदा जेवताना म्हणाली, "बंगालमध्ये अजून आयांच्या तोंडी 'बर्गी' आहे. बर्गी म्हणजे आपले बारगीर. मुलांना झोपवताना आपलं नाव घेतात गं तिथे. मला ते एकदा ऐकायचंय."

बारगीर म्हणजे ज्याला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळतं तो स्वार. स्वतःच्या घोड्यावर येतो तो शिलेदार. नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा १७४२ पासून बंगालवर चालून गेल्या, भास्करराम कोल्हटकर त्यांचे सेनापती. त्या धास्तीने कलकत्त्याच्या लोकांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. सात मैलांचा बेत होता, सहा महिन्यांत तीनेक मैल झाला. मराठे काही कलकत्त्यापर्यंत आले नाहीत आणि खंदक अर्धवट राहिला. उत्तर कोलकात्यातल्या बागबाजारात 'मराठा डिच लेन' नावाची गल्ली अजून आहे. ताईला ती गल्ली बघायची होती. बाकीचा आठवडा आम्ही त्या गल्लीभोवती बसवला.

आमची ऐपत माणशी बारा हजारांची, त्यात येण्याजाण्याचं भाडंही आलं. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, म्हणून नोव्हेंबरात सकाळी आठला दोघी दोन मोबाइल घेऊन बसलो आणि जानेवारीची गीतांजली धरली. थंडीत जायचं ते हवेसाठी आणि नोलेन गुडासाठी. खजुराच्या रसाचा हा नवा गूळ थंडी सरली की संपतो. गीतांजली निवडली त्याला ताईचं आणखी एक कारण होतं. १९७७ मध्ये मधू दंडवते रेल्वेमंत्री असताना ही गाडी सुरू झाली, वर्ग नसलेली गाडी म्हणून. आता तिला वेगवेगळे वर्ग आहेत. आम्ही थ्री एसी घेतलं. जाऊन-येऊन माणशी चार हजार.

राहण्याबद्दल मी एक नियम केला आणि तो सगळ्यांना सांगेन : लॉज प्रेक्षणीय स्थळाजवळ शोधू नका, मेट्रोच्या स्टेशनाजवळ शोधा. कोलकात्याची जुनी मेट्रो उत्तर-दक्षिण सरळ जाते. दक्षिणेश्वर, श्यामबाजार, शोभाबाजार, महात्मा गांधी रोड, एस्प्लनेड, कालीघाट, सगळं एकाच रेषेवर. आम्ही जतीन दास पार्क स्टेशनापासून पाच मिनिटांवर साधी खोली घेतली, दिवसाला चौदाशे. खिडकी गल्लीत उघडायची, गरम पाणी बादलीने यायचं, चादरी स्वच्छ होत्या. दोघींना पुरे.

दुसरा नियम वारांचा. भारतीय संग्रहालय, व्हिक्टोरिया मेमोरियलची दालनं, जोडासांकोची ठाकूरबाडी म्हणजे रवींद्रनाथांचं घर, तिन्ही सोमवारी बंद. आम्ही रविवारी दुपारी पोचणार होतो, म्हणजे पहिला पूर्ण दिवस सोमवारच. तो दक्षिणेश्वरचं कालीचं देऊळ आणि रामकृष्ण मिशनचा बेलूर मठ यांना दिला. मेट्रोने शेवटच्या स्टेशनापर्यंत, मग नदीतून होडीने बेलूर. राणी रासमणींचं १८५५ चं देऊळ पाण्यातून मागे मागे जाताना बघणं हे त्या दिवसातलं सगळ्यात सुंदर, आणि त्याला तिकिटाचे अगदी थोडे पैसे पडले. फक्त दुपारी दोन्हीकडे दारं बंद असतात, तेव्हा सकाळी लवकर निघावं.

शनिवारी पहाटेच्या लोकलने ठाण्याहून कल्याण, तिथून गाडी. ठाणं सोडताना ताई म्हणाली, आपण पहिल्या गाडीच्या गावातून दुसऱ्या गाडीच्या गावाला चाललोय. खरंच होतं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदराहून ठाण्याला गाडी आली आणि १५ ऑगस्ट १८५४ ला हावड्याहून हुगळीला सुटली. लहानपणापासून ज्या फलाटावर धक्के खाल्ले, त्याच्याकडे मी त्या दिवशी जरा थांबून पाहिलं.

हावड्याला उतरल्यावर टॅक्सीवाले घेरतात. सामान हलकं असेल तर सरळ मेट्रोकडे जा. हावडा ते एस्प्लनेड ही मेट्रो २०२४ मध्ये सुरू झाली, देशातली नदीखालून जाणारी पहिली. पाण्याखालचा बोगदा ५२० मीटर, पाऊण मिनिटात सरतो, आणि तेवढ्यात डब्यातली सगळी माणसं, रोजची येणारीसुद्धा, काचेबाहेरचा निळा उजेड बघतात. हावडा ब्रिज मात्र पायीच ओलांडायचा. आम्ही मंगळवारी भल्या पहाटे गेलो. १९४३ चा पूल, नदीत एकही खांब नाही, आणि पुलाखाली मल्लिक घाटाचा फुलबाजार. झेंडूच्या माळांची वेटोळी डोक्यावर घेऊन माणसं पळत होती. दादरच्या फुलबाजाराची सवय असूनही मी तिथे तासभर हलले नाही.

जेवणाचं सांगते, कारण बजेट तिथेच हातातून सुटतं. कोलकात्यात जुनी 'पाइस हॉटेलं' आहेत, म्हणजे आपल्या खानावळी. पूर्वी पैशात जेवण मिळायचं त्यावरून नाव. भात, डाळ, भाजी, मासा, प्रत्येकाचे वेगळे पैसे, केळीच्या पानाचे आणि लिंबाचेसुद्धा. त्यामुळे हवं तेवढंच घेता येतं. ताई शाकाहारी, तिला 'निरामिष' हा शब्द पाठ करायला लावला. डाळ मागवताना विचारून घ्यावं, कारण मुगाच्या डाळीत माशाचं डोकं घालायची पद्धत आहे. ताईने शुक्तो, आलू-पोस्तो (खसखशीतला बटाटा), छानार डालना (पनीरची रस्साभाजी) असं रोज नवं खाल्लं. कडू कारल्याचं शुक्तो जेवणाच्या सुरुवातीला खातात हे तिला इतकं पटलं की आता घरीही करते. मी मासे खाल्ले, आणि बटाटा घातलेली बिर्याणी. दोघींचं मिळून दिवसाचं सहाशेच्या वर कधी गेलं नाही.

बुधवार बागबाजाराचा. हावड्याहून लाँचने गेलो, नदीकाठच्या जुन्या वाड्यांच्या मागच्या बाजू बघत. गल्ली शोधायला वेळ लागला, कारण आम्ही 'खंदक कुठे' असं विचारत होतो आणि खंदक कुठेच नाही. १७९९ मध्ये त्याचा बराच भाग बुजवून सर्क्युलर रोड केला. शेवटी एका मिठाईवाल्याने बोट दाखवलं. अरुंद गल्ली, दोन्हीकडे हिरव्या झडपांच्या खिडक्या, नळावर बादल्या. बघण्यासारखं काही नाही म्हणाल तर नाही. ताई मात्र भिंतीला हात लावून उभी राहिली.

तिथल्या घरांना रस्त्याकडेला बसायचा ओटा असतो, त्याला रोआक म्हणतात. एका रोआकावर ऊन खात बसलेल्या आजींनी विचारलं, कुठून आलात. ताईने तोडक्या हिंदी-बंगालीत सांगितलं, महाराष्ट्रातून, ठाण्याहून. आजी क्षणभर बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "बर्गी!" मग हसल्या आणि हाताने आम्हाला शेजारी बसवलं.

ताई ज्यासाठी आली होती ते तिने न मागता मिळालं. आजींनी ती अंगाई हलक्या आवाजात म्हणून दाखवली. मूल झोपलं, आळी शांत झाली, बर्गी देशात आले. धान्य बुलबुलांनी खाल्लं, आता सारा कशाने भरायचा? चाल इतकी गोड आहे की अर्थ कळायला वेळ लागतो. कळला तेव्हा माझ्या घशात आलं. ठाण्याला तुरुंगाच्या तटाजवळून जाताना हा किल्ला मराठ्यांनी १७३७ मध्ये पोर्तुगीजांकडून घेतला, असं मुलांना मी अभिमानाने सांगत आले. पाचच वर्षांनी इथल्या शेतकऱ्याचं भात लुटलं गेलं, ते मी कधी सांगितलं नव्हतं. यापुढे दोन्ही सांगेन.

ताई आजींना म्हणाली, "आम्हाला वाईट वाटतं." आजींनी मान हलवली आणि रवींद्रनाथांची शिवाजी महाराजांवरची कविता म्हणायला सुरुवात केली, पहिली काही कडवी तोंडपाठ. ती १९०४ ची. सखाराम गणेश देउस्कर हे देवघरजवळ जन्मलेले मराठी गृहस्थ बंगालीत लिहायचे, त्यांनी कोलकात्यात शिवाजी उत्सव सुरू केला होता, त्या निमित्ताने लिहिलेली. मग आजींनी विचारलं, तुमच्याकडे मुलांना काय म्हणून झोपवतात? ताईने आमच्या आईची अंगाई म्हटली. पलीकडची सून दारात येऊन ऐकत उभी राहिली. चहा झाला, नोलेन गुडाचे संदेश झाले. पैसे विचारायचीही लाज वाटावी असा तो चहा.

त्या दुपारी श्यामबाजारपासून सियालदापर्यंत आचार्य प्रफुल्लचंद्र रोडने चालत गेलो. हाच जुना सर्क्युलर रोड, म्हणजे एकेकाळचा खंदक. बस, हातगाड्या, छापखाने, दवाखाने. तासाभराच्या वर लागला. ताई वाटेत काही बोलली नाही.

बाकीचे दिवस भराभर गेले. संग्रहालयात भारहुतच्या प्राचीन बौद्ध स्तूपाच्या कोरीव दगडी कठड्यापुढे अर्धा दिवस गेला, तो कमीच पडला. कुमारटुलीत, म्हणजे मूर्तिकारांच्या वस्तीत, त्या आठवड्यात सरस्वतीच्या मूर्ती होत्या, ओल्या मातीच्या, अजून चेहरा नसलेल्या. पेणच्या गणपतींचे कारखाने पाहिलेल्या माणसाने तिथे जायलाच हवं. गवताच्या सांगाड्यावर माती चढवायची त्यांची रीत आपल्या साच्याच्या कामाहून अगदी निराळी. गडियाहाटहून एस्प्लनेडला ट्रामने गेलो. १८७३ मध्ये घोड्यांनी ओढलेली ट्राम इथे सुरू झाली, आता अगदी थोडे मार्ग उरलेत, तेव्हा जाणार असाल तर लवकर जा. मार्बल पॅलेस या जुन्या संगमरवरी वाड्यासाठी पर्यटन खात्याचा परवाना आधी काढावा लागतो, आमच्याकडे तो नव्हता. फाटकातून पाहिला.

शुक्रवारी रात्री खोलीत वही काढली. गाडीभाडं चार हजार, खोली बेचाळीसशे, खाणं बावीसशेच्या आत, मेट्रो-लाँच-ट्राम पाचशे, तिकिटं तीनशे. माणशी आठशे शिल्लक. दुसऱ्या दिवशी गाडी दुपारची होती, म्हणून सकाळी पुन्हा बागबाजारला गेलो. त्याच मिठाईवाल्याकडून पाटालीच्या, म्हणजे त्या गुळाच्या, ढेपा घेतल्या, चार आमच्यासाठी आणि एक आजींसाठी. आजींनी आमची ठेवून घेतली आणि घरातली, गावाहून आलेली एक ढेप ताईच्या पिशवीत घातली. कल्याण येईपर्यंत सगळ्या डब्याला तिचा वास येत होता.